वरंधा डायकेमची सभा

रजियाने सांदणांसाठी तांदळाच्या कण्या आदल्या दिवशीच भिजत घातल्या होत्या. दर सप्टेंबरात, वरंधा डायकेमच्या वार्षिक सभेच्या सकाळी, कंपनीचे मालक रसिकभाई शेठ तिच्या घरी न्याहारीला येत. शेठ मासमच्छीला शिवत नसत, तेव्हा नारळाच्या दुधातली सांदणं हा एकच मेजवानीचा पदार्थ दोन्ही बाजूंना चालण्यासारखा होता. शेठची गाडी मुंबईहून पहाटे निघे, महाडात आधी इनायतच्या दारात थांबे आणि मग एमआयडीसीकडे वळे. कंपनीचा माल वाहणारे पहिले ट्रक इनायतचे. तेव्हापासून हा रिवाज पडला होता आणि तो एकदाही चुकला नव्हता.

या वर्षी तो चुकणार की नाही, हे घरात कुणी बोललं नव्हतं. माडीवर अर्शद झोपला होता. रजियाचा हा धाकटा मुलगा चार वर्षांनी काल लंडनहून घरी आला होता, आणि आला होता तो शेठना त्यांच्याच कंपनीच्या खुर्चीवरून उतरवायला.

"शेठ येतील?" तिने चुलीवरचं झाकण उचलत विचारलं.

"का नाय येणार?" इनायत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सत्तरी गाठली तरी दारात उभा राहिला की दार भरून जाई. "त्यांचं भांडण पोराशी हाय. माझ्याशी नाय."

"बरं."

"तुझ्या सहीचं काय केलंस तू? तो मुखत्यारीचा कागद परवाच कंपनीत पोचायला हवा होता. आता तुझी मतं फुकट गेली."

कंपनीने ब्याण्णव साली लोकांना शेअर विकले, तेव्हा महाडातल्या बऱ्याच घरांनी ते घेतले. इनायतने निम्मे आपल्या नावावर घेतले आणि निम्मे रजियाच्या. दोन अर्ज केले की जास्त मिळतात असं बाजारपेठेत सगळेच म्हणत होते. तेव्हापासून दर वर्षी ती न वाचता सही करून द्यायची आणि इनायत दोघांचं मत शेठना देऊन यायचा.

"फुकट कशाला जातील?" रजिया म्हणाली. "मी येते ना सभेला."

"तू?"

"का? बायकांना आत सोडीत नाय?"

ती कोणाला मत देणार हे विचारावं असं इनायतच्या मनात आलं, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच पडला याचं त्यालाच नवल वाटलं. तो पडवीत जाऊन बसला.

पडवीतून अंगण दिसत होतं. दोन ट्रक उभे होते, तिसरा चिपळूणकडे गेला होता. पाऊस सरत आला होता. मागच्या परसात सोनकी पिवळीधमक फुलली होती आणि सावित्रीचा गढूळ रंग उतरायला लागला होता. माडीवरून अर्शद खाली आला. अंगात घरातला जुना सदरा, पायांत थोरल्या भावाच्या, शोएबच्या चपला. असा बघितला की लंडन कुठे दिसत नव्हतं.

"चहा घेतलास?"

"अम्माने दिला." अर्शद बाजूला बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "अब्बा, काल मी हॉटेलातच उतरणार होतो. तुम्हाला अवघड नको म्हणून."

"मग तुझ्या आईने तुझा चेहरा बघितला नसता परत." इनायतने ट्रककडे बघत विचारलं, "मला एक सांग. शेठला म्हातारपणी बाहेर काढून तुला काय मिळतं?"

"पैसे मिळतात. खोटं नाय बोलत. कंपनी नीट चालली तर शेअर वर जातो, आणि ज्या लोकांनी माझ्याकडे पैसे ठेवलेत त्यांचा फायदा होतो." तो बापाकडे वळला. "पण ती नीट चालत नाय, हे तुम्हालाही माहीत हाय. पाच वर्षं कंपनीतला पैसा हितेशभाईंच्या इमारतींत जातोय. तो पैसा शेठचा नाय, अब्बा. तुमचा हाय, अम्माचा हाय."

"शेठचा पोरगा हाय तो. बापाला नाय म्हणता येत नसेल."

"म्हणून तर दुसऱ्या कुणीतरी नाय म्हणायला हवं."

इनायतने पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. "मी मत शेठला देणार. तू बरोबर असशील, तरी त्यालाच देणार."

"मला माहीत हाय."

"वाईट वाटत नाय?"

"तुम्ही मला दिलं असतं तर जास्त वाटलं असतं," अर्शद म्हणाला.

याचं कारण दोघांना ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायची घरात पद्धत नव्हती. त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबई पेटली, तेव्हा इनायत माल पोचवायला गेला होता आणि शिवडीच्या एका गोदामात अडकला होता. फोन लागत नव्हते. महाडात रजियाने रोजे धरले होते. मग एका सकाळी शेठ स्वतः गोदामात आले. अंगात पांढरा सफारी, पायांत कातडी चपला. म्हणाले, "चला इनायतभाई, महाडला जाऊ." इनायतला वाटलं, बाहेर गाडी उभी असेल. शेठ ट्रकच्या केबिनमध्ये चढले आणि खिडकीपाशी बसले. जन्मात कधी ट्रकमध्ये बसलेला माणूस नव्हता तो. पायरीवर पाय कुठे ठेवायचा हेही त्यांना सांगावं लागलं.

पनवेलच्या अलीकडे पोरांनी ट्रक अडवला. शेठनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडले, "माझा माल आहे, माझा माणूस आहे, कारखाना थांबलाय. बाजूला व्हा!" पोरं बाजूला झाली. वडखळला चहा घेताना इनायतच्या हातातला कप बशीवर वाजत होता. शेठनी तो त्याच्या हातातून घेतला, चहा बशीत ओतून बशी त्याच्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "या सालाची केरी कशी होईल हो कोकणात?" महाडपर्यंत मग ते आंब्यांबद्दलच बोलत राहिले. नंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं.

रस्त्यावर हॉर्न वाजला. शेठची गाडी दारात उभी राहिली होती.

*

शोएबला वाटलं होतं, शेठ आलेच तर तोंड वळवून बसतील. पण ते नेहमीसारखे आले. पडवीच्या पायरीवर चपला काढल्या, रजियाला "रजियाबेन, कसे आहात?" विचारलं, आणि सतरंजीवर इनायतच्या शेजारी बसून गुडघे चोळले. दोन वर्षांत ते फार खंगले होते. सफारी खांद्यांवरून लोंबत होता.

"शोएब, धंदा?"

"तुमची दुवा," शोएब म्हणाला. त्याच्यात बापाचा आवाज होता आणि आईचा राग. अर्शद आल्यापासून तो त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. घरात दोघेच भाऊ, दोघांत पाच वर्षांचं अंतर. लहानपणी बापाच्या ट्रकच्या टपावर बसून दोघे पोलादपूरला जायचे, तिथून कुडपणच्या पठारावर पायी चढायचे आणि करवंदं खाऊन तोंडं काळीनिळी करून यायचे. चढावर अर्शद दमला की शोएब त्याला पाठीवर घ्यायचा. दहावीनंतर शोएबने शाळा सोडली आणि स्टिअरिंग धरलं, कारण घरात एकाने ते धरायलाच हवं होतं. त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. आज मात्र ते सगळं छातीशी येऊन बसलं होतं.

अर्शद आतून आला, शेठना वाकून सलाम केला आणि समोर बसला. रजियाने सांदणं वाढली. कुणी खायला सुरुवात करेना.

"अर्शद," शेठ म्हणाले, "फोर्टातल्या शेअर दलालाला तुझ्यासाठी फोन कोणी केला होता?"

"तुम्ही."

"तू सभेत उभा राहिला होतास, कॉलेजचा पोरगा. विचारलंस, कंपनी रंग महाडला बनवते, मग कंपनीचा बंगला लोणावळ्याला कशाला?" शेठ हसले. "सगळी सभा हसली होती. इनायतभाई तर लाजेने लाल. मीच म्हटलं, याला मुंबईला पाठवा, इथे माझं डोकं खाईल. केवढी मोठी चूक केली मी!"

इनायत हसला, अर्शदही हसला. शोएबला ते हसणं सोसेना.

"हसताय काय?" तो म्हणाला. "आज हा तुम्हाला बाहेर काढणार हाय, शेठ, आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून खाताय."

"शोएब!" इनायत म्हणाला.

"नाय अब्बा, विचारू दे मला. अर्शद, उद्या तुझी माणसं आली कंपनीत, तर आमच्या ट्रकचं काय?"

काल आल्यापासून त्याने अर्शदला विचारलेला हा पहिला प्रश्न. अर्शदने बशी खाली ठेवली. "वाहतुकीचं टेंडर निघेल. सगळ्यांसाठी."

"आणि मुंबईचा कोण मोठा ट्रान्सपोर्टवाला आला, आमच्यापेक्षा कमी भाव देऊन गेला, तर?"

"तर त्याला मिळेल."

"भावाला नाय?"

"भाऊ म्हणून नाय मिळणार, शोएबभाई. हितेशभाईंना शेठचा मुलगा म्हणून पैसे मिळाले, त्याच्यावरच तर माझं भांडण हाय. मग तुला कसं देऊ?"

अंगणात कोंबडी ट्रकखाली उकरत होती. शोएबला कळत होतं की हे उत्तर बिनतोड आहे, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. "शिकलास बरा," तो म्हणाला. "ज्या ट्रकवर शिकलास, तेच उभे करायला आलास."

"अर्शद," शेठ हळू आवाजात म्हणाले, "हितेशचं चुकलं. माझंही. मागितले, तर नाही म्हणता आलं नाही. पण मला दोन वर्षं दे. मी भरून काढतो."

"मी दोन वर्षांपूर्वी मुंबईत तुमच्याकडे आलो होतो, शेठ. तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात." अर्शदचा आवाज चढला नाही, पण त्याने नजर खाली वळवली. "त्याच्या आधीच्या वर्षी कारखान्याने रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व्ह बदलायला पैसे मागितले होते. मिळाले नाहीत. मग तोच व्हॉल्व्ह फुटला आणि काशीरामकाका गेले."

काशीराम या घरातलाच होता म्हणायचा. इनायतच्या पहिल्या ट्रकवर तो क्लीनर होता, आणि कंपनी सुरू झाली तेव्हा इनायतनेच शेठना शब्द टाकून त्याला तिथे चिकटवला होता. बौद्धवाडीतल्या त्याच्या घरी अजून त्याची बायको सुंदराबाई आणि मुलगा सुहास राहत होते. सुहास अर्शदच्या वर्गातला. आता कंपनीच्या प्रयोगशाळेत होता.

"मी मयताला आलो होतो," शेठ म्हणाले. "खांदा दिला होता."

"दिला होतात. मी विसरलो नाय."

"मग हेही विसरू नको!" शोएब उसळला. "त्र्याण्णव साली शेठ नसते तर आज अब्बा..."

"शोएब." शेठनी हात वर केला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच करडा झाला होता. "ते इथे काढायचं नाही. ते मतांसाठी केलं नव्हतं मी."

मग त्यांनी बशी ओढली आणि सांदण खायला सुरुवात केली. त्यांच्या मागोमाग इनायतने, मग अर्शदने. शोएब उठून अंगणात गेला. दाराच्या आड रजिया उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. शेठ निघाले, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे त्यांच्या ड्रायव्हरजवळ सांदणांचा डबा दिला.

*

सभा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होती. लांब टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईहून बँकांचे प्रतिनिधी आले होते, एरवी कुणी येत नसे. अर्शद तिसऱ्या रांगेत बसला. शोएब दाराशी हात बांधून उभा होता. सभोवती ओळखीचे चेहरे होते: बाजारपेठेतले व्यापारी, निवृत्त मास्तर, कारखान्यातले कामगार, ज्यांना कामावर लागताना थोडेथोडे शेअर मिळाले होते. काही अर्शदकडे बघून हसत, काही मान फिरवत.

अशा कितीतरी सभांतून तो बसून आला होता. फोर्टातल्या पेढीत तो दलालाचे कागद इकडून तिकडे न्यायचा. दुपारी लोक जेवायला गेले की तो कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत बसे, कारण ते फुकट मिळत आणि त्यांत माणसांच्या गोष्टी असत: कुणी कुणाच्या मेहुण्याला जमीन विकली, कुणी बायकोच्या नावाने गोदाम भाड्याने दिलं. पुढे नोकरी करत परीक्षा दिल्या, लंडनला एका फंडात लागला आणि काही वर्षांनी स्वतःचा फंड काढला. त्याची पद्धत साधी होती. कंपनी चांगली, पण मालक तिला घरची तिजोरी समजतोय, अशी हेरायची. तिचे शेअर घ्यायचे. आधी मालकाशी एकांतात बोलायचं. ऐकलं नाही, तर बाकीच्या भागधारकांना जमवून सभेत उभं राहायचं. कोइमतूरच्या सूतगिरणीत तो हरला होता. आसामातल्या चहाच्या कंपनीत जिंकला, तेव्हा त्याला मागच्या दाराने पोलिसांनी बाहेर काढलं होतं. वर्तमानपत्रं त्याला कधी भागधारकांचा वकील म्हणत, कधी सुटाबुटातला दरोडेखोर. दोन्ही ऐकायची सवय झाली होती.

वरंधा डायकेमचं नाव त्याच्या ऑफिसातल्या एका मुलीने काढलं. तिला महाड कुठे आहे हे माहीत नव्हतं. अर्शदने ते कागद महिनोन्‌महिने बाजूला ठेवले. मग एक दिवस त्याला वाटलं, कोइमतूरच्या मालकाला जो न्याय लावला तो रसिकभाईंना लावायचा नसेल, तर आपण आजवर केलं ते काय होतं? परक्यांच्या घरात शिरून दाखवलेली हुशारी, एवढंच.

विषय एकच होता. संचालक म्हणून रसिकभाई शेठ यांची मुदत संपली होती. त्यांना पुन्हा नेमायचं की नाही. अर्शद उभा राहून बोलला. आकडे कमी सांगितले. खाली बसणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मला विचारायचंय." सुहास उभा होता, काशीरामचा मुलगा. बापासारखाच काटक, चष्म्यामागचे डोळे थकलेले. "शेठनी काय केलं ते आम्हाला माहीत आहे. माझ्या घरात तर ते जास्त माहीत आहे. पण लंडनचे लोक आले म्हणजे कारखाना विकतात, जमीन विकतात आणि जातात, असं आम्ही ऐकलंय. इथे चारशे घरं या कारखान्यावर आहेत. तुम्ही काय करणार, ते इथे सगळ्यांसमोर सांगा."

सुहास त्याला 'तुम्ही' म्हणाला होता. दोघे एका बाकावर बसून शिकले होते, एकाच्या डब्यातलं दुसऱ्याने खाल्लं होतं.

अर्शदचा सहकारी त्याच्या कानाशी लागला, "जाहीर शब्द देऊ नका." अशा सभेत शब्द द्यायचा नसतो, हा त्याचा स्वतःचाच नियम होता.

"जमीन विकली तर माझ्या लोकांना लवकर पैसे मिळतील," अर्शद म्हणाला. "हे खरं आहे, लपवत नाही. पण मी इथे सांगतो, हितेशभाईंकडून जो पैसा परत येईल तो आधी या कारखान्यात लागेल. रिअ‍ॅक्टर, सांडपाणी, सगळं. माझा फंड जोवर यात आहे तोवर जमीन विकायला माझं मत मिळणार नाही. लिहून घ्या."

"माझं एवढंच होतं," सुहास म्हणाला आणि बसला.

मतपत्रिका वाटल्या गेल्या. पुढच्या रांगेतून इनायत उठला. सगळे बघत होते, कारण बाजारपेठेतले निम्मे लोक आजवर इनायतने ज्या बाजूला खूण केली त्याच बाजूला करत आले होते. त्याने कागद लपवला नाही. टेबलावर ठेवून शेठच्या बाजूने खूण केली, सही केली आणि पेटीत टाकला. मग मागे वळून त्याने अर्शदकडे सरळ बघितलं. अर्शदने हलकेच मान हलवली. एवढ्या माणसांत बापाचा आपल्याला इतका अभिमान वाटेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

तेव्हाच दारात गडबड झाली. रिक्षातून दोन बायका उतरल्या होत्या. पुढे रजिया, डोक्यावर पदर घट्ट घेतलेली. मागे सुंदराबाई, हातात कापडी पिशवी. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन महाडात आलेल्या. नदीवर धुणं धुताना झालेली मैत्री अजून टिकली होती. शोएब दारातच होता.

"अम्मा, तू खरंच आलीस?"

"बाजूला हो रे."

टेबलामागच्या कारकुनाला ती म्हणाली, "माझं नाव बघा. रजिया इनायत पेवेकर. आणि हिचं. काशीरामचे शेअर आता हिच्या नावावर हायत."

कारकुनाने मतपत्रिका दिल्या. "कुठली खूण कशाची, ते सांगा," तिने विचारलं. त्याने समजावून सांगितलं. पहिल्या खुर्चीवर शेठ बसले होते. रजिया त्यांच्यासमोर गेली.

"शेठ," ती म्हणाली, "तुम्ही माझा नवरा परत आणून दिलात. मी नमाजात रोज तुमचं नाव घेते, पुढेही घेईन. पण हिचा नवरा तुमच्या कारखान्यातून परत आला नाय."

शेठनी सुंदराबाईंकडे बघून हात जोडले. सुंदराबाईंनीही जोडले. मग रजियाने खाली वाकून खूण केली आणि एकेक अक्षर लावत सावकाश सही केली.

तिचे शेअर काही फार नव्हते. पण तोवर हातात कागद घेऊन थांबलेले कितीतरी लोक तिच्यानंतर उठले.

*

मोजणी दुपारपर्यंत चालली. शेठ पडले. फार थोड्याने पडले, पण पडले. निकाल ऐकून ते उठले, सभेचे आभार मानले, कॅन्टीनच्या आचाऱ्याचेही मानले, आणि कुणाचा हात न धरता बाहेर आले. इनायत त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेला.

"इनायतभाई," शेठ म्हणाले, "रजियाबेनवर रागावू नका."

"मी कोण रागावणार?"

"पोरगा चांगला निघाला तुमचा." गाडीत बसताना त्यांचा गुडघा अडला, इनायतने त्यांचा पाय हाताने उचलून आत ठेवला. "माझं नशीब तसं नाही. तुम्ही मुंबईला या. आता मला वेळच वेळ आहे."

"येतो," इनायत म्हणाला. गाडी फाटकातून बाहेर पडून महामार्गाकडे वळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. डोळे पुसायचं त्याने टाळलं नाही.

घरी परतताना रिक्षात तो रजियाच्या शेजारी बसला. चवदार तळ्याच्या वळणावर तो म्हणाला, "पोराला मत दिलंस."

"पोराला कशाला देऊ? त्याला काय कमी हाय? सुंदराला दिलं."

"मला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी ऐकलं असतं," रजिया म्हणाली. "म्हणून नाय सांगितलं."

इनायतने मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, रिक्षावाला आरशात बघत असूनही. तिनेही तो सोडवला नाही.

अर्शदला त्याच दिवशी मुंबई गाठायची होती. तो निघाला तेव्हा अंगणात ऊन कलतं झालं होतं. रजियाने त्याच्या कपाळाचा मुका घेतला, इनायतने खांद्यावर हात ठेवला. सुहास येऊन भेटून गेला, आणि जाताना मात्र "पोचल्यावर फोन कर रे" म्हणाला. शोएब ट्रकच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होता. तो वर बघेना.

अर्शद त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. सकाळी जे सरळ बोलून गेला होता, ते आता त्याच्या जिभेवर येईना. घरातलं जेवण पोटात होतं, आईचा हात अजून कपाळावर जाणवत होता. समोर भाऊ होता, ग्रीसने बरबटलेल्या हातांचा, पन्नाशीकडे झुकल्यासारखा दिसणारा. अजून चाळिशीही ओलांडली नव्हती त्याने.

"शोएबभाई," तो हळूच म्हणाला, "टेंडर दिवाळीनंतर निघेल. त्याच्यात काय-काय मागतील, गाड्या केवढ्या लागतील, ते मी तुला आधी..."

"थांब." शोएबने बॉनेटमधून डोकं वर काढलं. फडक्याला हात पुसत तो भावाकडे बघत राहिला. सकाळचा राग तिथे अजून होता, पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, जे अर्शदने लहानपणी फार वेळा पाहिलं होतं.

"आधी सांगू नकोस," तो म्हणाला. "सगळ्यांना कळेल तेव्हाच मला कळू दे. अब्बांनी आज सगळ्या गावासमोर तुझ्याविरुद्ध मत दिलं, ते काय मला असं चोरून काम मिळावं म्हणून?"

अर्शदचं तोंड उतरलं. "चुकलं माझं."

"चुकलंच." शोएबने बॉनेट धाडकन खाली घेतलं. "जा आता. पेणच्या पुढे रस्ता खराब हाय, ड्रायव्हरला हळू चालव म्हणावं."

अर्शद गाडीत बसला. गाडी फाटकापर्यंत गेली तेव्हा शोएबने मागून हाक मारली आणि जवळ येऊन खिडकीत वाकला.

"आणि एक ऐक," तो म्हणाला. "मुंबईवाला कितीही मोठा असू दे. भाव मी असा लावीन, की तुला झक मारत मलाच द्यावं लागेल."